नदीतून वर आलेलं छापयंत्र

ओहायो नदीचं पाणी त्या वर्षी उतरलं ते दुष्काळामुळे नाही. खालच्या बंधाऱ्याचे दरवाजे दुरुस्तीसाठी काढले होते. आमच्या गावासमोरचा जो काठ मी इतक्या वर्षांत कधी पाहिलाच नव्हता, तो उघडा पडला. काळा, वास मारणारा चिखल, त्यात टायर, बाटल्या, एक अख्खी मोटरबोट. लोक मेटल डिटेक्टर घेऊन उतरायचे आणि गुडघ्यापर्यंत बरबटून परत यायचे.

मुलीचा फोन आला. "आई, जुने बूट घाल आणि ये. आत्ता. इट्स द प्रेस!"

माझी मुलगी इथेच जन्मली. मी भूलतज्ज्ञ, नवरा केमिकल इंजिनिअर. नोकऱ्या मिळाल्या म्हणून आम्ही या नदीकाठच्या गावात आलो आणि राहून गेलो. आमच्या बरोबरीची मंडळी पार्सिपनी, फ्रिस्कोसारख्या आपल्या लोकांनी गजबजलेल्या शहरांत गेली. त्यांची मुलं डॉक्टर झाली, सॉफ्टवेअरमध्ये गेली. आमची गावातल्या साप्ताहिकात लागली. शाळेच्या मॅचेस, मयताच्या बातम्या, पाण्याच्या पाइपलाइनवरून भांडणं, हे सगळं लिहिणारी ती एकटी. साप्ताहिकाचे मालक आणि संपादक एकच, सत्तरी ओलांडलेले एक काळे गृहस्थ. मुलगी त्यांना 'बॉस' म्हणायची. मला ते 'डॉक' म्हणत.

मी पोचले तेव्हा चिखलात पाच-सहा माणसं दोर धरून उभी होती. काठावर एक पिकअप ट्रक होता आणि त्याच्या पुढच्या विंचचा, म्हणजे दोर ओढून गुंडाळणाऱ्या यंत्राचा, तारेचा दोर खाली चिखलात गेला होता. ट्रकवाला माझ्या ओळखीचा होता. बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. लाल दाढी, पिंपासारखी छाती. त्याने मला हात देऊन उतरवलं आणि म्हणाला, "सांभाळून, मॅम. इथे बूट राहतात, माणूस पुढे जातो." स्वतःच्याच विनोदावर तो मोठ्यांदा हसला.

विंच फिरली. चिखलाने आधी सोडलं नाही, मग एकदम फसकन आवाज होऊन ते वर आलं. माझ्या छातीएवढी उंच लोखंडी चौकट, एक बाजू तुटलेली, गंजाने फुगलेली. हाताने दांडा ओढून छापायचं जुनं यंत्र. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोटवाल्याने तर आरोळीच ठोकली. मुलीने त्या सगळ्यांचे दोर ओढतानाचे फोटो घेतले. खाली उरलेल्या खड्ड्यात मी हात घातला तर बोटांना बारीक, थंड तुकडे लागले. शिशाचे खिळे. उलटी अक्षरं.

संपादक काठावर टोपी हातात घेऊन उभे होते. ते खाली उतरले नाहीत.

त्या यंत्राची गोष्ट गावात सगळ्यांना अर्धी माहीत होती. यादवी युद्धाच्या एक पिढी आधी इथे गुलामगिरीविरुद्ध एक पत्र निघायचं. नदीच्या अलीकडे गुलामी नव्हती, पलीकडे केंटकीत होती. मधे एवढंच पाणी. तशी पत्रं तेव्हा बऱ्याच लहान गावांतून निघत. चार पानं. एकाच माणसाने लिहायची, त्याच्या बायकोने घड्या घालायच्या, कुणीतरी खिळे जुळवायचे. दक्षिणेकडे पोस्टाने गेलेले गठ्ठे पोस्टातच जाळले जात. अशा पत्रांच्या संपादकांच्या डोक्यावर बक्षिसं लागत. काळ्या माणसांनी स्वतः काढलेली पत्रंही होती, पुष्कळशा गोऱ्या संपादकांच्या आधीपासूनची. त्यांच्या वाट्याला काय येत असेल ते वेगळं सांगायला नको.

आमच्या गावातलं पत्र एका गोऱ्या पाद्र्याचं होतं. जमावाने त्याचं यंत्र दोनदा फोडलं. तिसऱ्यांदा नवीन यंत्र आलं तेव्हा जमाव दोर घेऊनच आला. खिळ्यांचे खण खिडकीतून रस्त्यावर ओतले. खिळे जुळवणारा विशीतला पोरगा दारात आडवा आला, त्याला जिन्यावरून खाली फेकलं आणि खाली उभ्या असलेल्यांनी लाथा घातल्या. त्याचा एक डोळा गेला. पाद्री बायकोसह मागच्या खिडकीतून पळाला. यंत्र दोर बांधून रस्त्याने ओढत नेलं, दगडी फरशीवर ठिणग्या उडत होत्या म्हणे, आणि धक्क्यावरून नदीत लोटलं. हे करणारे दारुडे, टपोरी नव्हते. गावातले व्यापारी, वकील, दोन डॉक्टर. दक्षिणेशी त्यांचा धंदा होता, आणि पलीकडच्यांना दाखवायचं होतं की आम्ही तुमचेच.

गोष्ट इथे संपायची. शाळेत मुलांना एवढीच शिकवायचे. पाद्री शूर होता, त्याने पुढच्या गावातून पत्र पुन्हा काढलं, छापण्याचं स्वातंत्र्य टिकलं, वगैरे. माझ्या मुलीनेही चौथीत त्यावर पोस्टर केलं होतं, मीच निळ्या रंगाने नदी रंगवून दिली होती.

उरलेली अर्धी गोष्ट संपादकांनी आम्हाला त्यांच्या ऑफिसात सांगितली, चिखलाचे बूट दाराशी काढून आम्ही बसलो होतो तेव्हा.

"यंत्र बुडल्यावर जमाव घरी गेला असं वाटतं ना तुम्हाला?" ते म्हणाले. "हातात मशाली होत्या. अंगात मस्ती होती. ते वर टेकडीकडे गेले. तिथे आमची गल्ली होती."

नदी ओलांडून आलेली, सुटलेली किंवा सोडवलेली काळी कुटुंबं तिथे राहत. जमावाने आधी कोंबड्या मारल्या, मग दारं फोडली, मग आग लावली. एका म्हाताऱ्याला त्याच्याच अंगणात डांबर लावून पिसं चिकटवली. गरम डांबराने कातडी निघते, हे मला, डॉक्टरला, कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. एक बाई तळघरात लपली होती, ती तिथेच गुदमरली. संपादकांच्या आजीच्या आजीला तिच्या आईने ओल्या गोणपाटात गुंडाळून मक्याच्या शेतात फेकलं होतं, म्हणून ती वाचली, आणि म्हणून हे आमच्यासमोर बसले होते.

"हे कुठे छापलंय?" मुलीने विचारलं.

"त्याच पत्राच्या पुढच्या अंकात. लायब्ररीत मायक्रोफिल्म आहे, कुणीही बघू शकतं. यंत्राबद्दल तीन रकाने. आमच्या गल्लीबद्दल चार ओळी. पाद्री चांगला माणूस होता. तरी चार ओळी."

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "डॉक, तुमच्या देशात होतं असं?"

मी सांगितलं, होतं. आहे. माणसाला माणूस म्हणा एवढंच लिहिणाऱ्यांना आमच्याकडेही दगड खावे लागले. आणि वस्त्या अजूनही जळतात. त्या कुणाच्या असतात आणि जाळणारे कोण असतात, तेही सांगितलं, आणि माझं घर जाळणाऱ्यांच्या बाजूचं, तेही. ते ऐकून घेत राहिले. मुलगी माझ्याकडे बघत राहिली, कारण हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

तिने लेखमाला लिहिली. पहिल्या भागात यंत्र सापडल्याची बातमी, गाव खूश. दुसऱ्या भागात पाद्र्याची गोष्ट, गाव आणखी खूश. तिसऱ्या भागात गल्ली. त्यात तिने जमावातल्या व्यापाऱ्यांची घराणी सांगितली. त्यांच्या नावाचे रस्ते आहेत, एक बाग आहे. पहिल्या पानावर तिने फोटो घातला तो दोर ओढणाऱ्या माणसांचा. मधोमध तो बोटवाला, तोंड उघडं, दात दिसतायत, दोर ताणलेला. आणि वर मथळा होता: 'त्यांनी दोर आणले होते'.

मी अंक बघून म्हटलं, "अगं, हा फोटो इथे कशाला?"

"कॉन्ट्रास्ट आहे आई. तेव्हा दोराने बुडवलं, आज दोराने बाहेर काढलं. लोकांना कळेल."

लोकांना ते कळलं नाही. किंवा त्यांना जे कळायचं होतं तेच कळलं. बारमध्ये त्या बोटवाल्याला 'मशालवाला' म्हणायला लागले. कुणीतरी त्याच्या दुकानाच्या दारावर फोटो चिकटवून वर डांबर फासलं. ज्यांची खरी घराणी होती त्यांना काही झालं नाही. ते वकिलांशी बोलले आणि जाहिराती बंद केल्या. हा माणूस तर टेनेसीतून आलेला, त्याचे आजे-पणजे इथे नव्हतेच.

धमक्या सुरू झाल्या. फोनवर घाणेरड्या शिव्या. ऑफिसच्या काचेवर वीट. ग्रोसरीच्या दुकानात एका बाईने माझी सामानाची ढकलगाडी अडवली. तिच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला मीच भूल दिली होती. ती गोड आवाजात म्हणाली, "डॉक्टर, तुमच्या मुलीला सांगा, हे गाव तिच्याशी चांगलं वागलंय." मी म्हटलं, "तिचा जन्म इथला आहे. गाव तिचंच आहे." आणि संत्री पिशवीत भरायला लागले.

बुधवारी दुपारी अंक छापून यायचा आणि पत्त्यांची लेबलं चिकटवायची असायची. निवृत्त झाल्यापासून ते काम मी आवडीने करायची. त्या बुधवारी आम्ही तिघंच होतो. संपादक खुर्चीत, पायाशी हीटर. मुलगी कॉम्प्युटरपाशी. मी टेबलाशी लेबलं सोलत. बाहेर स्वच्छ ऊन होतं.

दार उघडलं आणि बोटवाला आत आला. हातात लोखंडी पहार होती. मला वाटलं काही दुरुस्तीला आलाय. खरंच तसं वाटलं, मी 'हॅलो'सुद्धा म्हटलं.

त्याने पहिला घाव कॉम्प्युटरवर घातला. मुलगी खुर्चीसकट मागे पडली. दुसरा घाव दुसऱ्या पडद्यावर. मग भिंतीवरच्या काचेच्या चौकटी, जुन्या अंकांच्या, एकामागून एक. तो फक्त हुंकारत होता, लाकूड फोडताना माणूस हुंकारतो तसा. संपादक उठले. हात पुढे करून म्हणाले, "अरे बाबा, थांब. थांब. बोल माझ्याशी."

"बोलू?" तो ओरडला. "मी ओढून काढलं ते! मी! फुकट! आणि तू मला जाळणारा केलंस?"

आणि त्याने पहार आडवी फिरवली. ती संपादकांच्या जबड्यावर बसली. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. ते टेबलावर आदळून खाली गेले. त्याने पुन्हा मारलं, या वेळी खांद्यावर. मुलीने भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं ओढलं आणि त्याच्या तोंडावर सोडलं. पांढरा धूर, पांढरी पूड, काही दिसेना. तो खोकत, आंधळ्यासारखा पहार फिरवत मागे गेला, समोरच्या मोठ्या काचेवर आपटला आणि काच घेऊनच खाली बसला.

मी तोवर संपादकांपाशी गुडघ्यावर होते. जबडा दोन्ही बाजूंनी मोडला होता. मधला तुकडा मागे सरकला होता, त्याबरोबर जीभ घशात पडली होती. छाती उचलत होती पण हवा जात नव्हती. रक्त घशात भरत होतं. ऑपरेशन थिएटरात अशा वेळी माझ्याभोवती सक्शन असतं, नळ्या असतात, चार माणसं असतात. इथे माझी बोटं होती. मी दोन बोटं त्यांच्या तोंडात घातली, खालच्या दातांमागून तो मोडका तुकडा पकडला आणि पुढे ओढला. ते वेदनेने कळवळले, तंगड्या झाडल्या. मी ओढूनच धरला आणि त्यांना कुशीवर वळवलं. रक्ताची गुठळी बाहेर आली, दात आले, आणि मग घरघर करत श्वास गेला आत.

"९११!" मी ओरडले. मुलगी आधीच फोनवर होती.

तेव्हा मला तो दिसला. काचेत बसलेला. डावा हात कोपराखाली उभा चिरला होता आणि रक्त उसळ्या मारत येत होतं. पांढऱ्या पुडीवर लाल धार. तो आश्चर्याने त्या हाताकडे बघत होता. पहार बाजूला पडली होती. धमनी तुटलेला माणूस किती लवकर रिकामा होतो ते मला ठाऊक होतं. माझे दोन्ही हात अडकले होते. सोडले तर संपादक गेले असते.

मी मुलीला म्हटलं, "त्याचा हात दाब."

तिने माझ्याकडे पाहिलं. "नो."

"दाब म्हणते ना."

"आई, नो! त्याने जस्ट... त्याने बॉसना... मरू दे त्याला!"

"मरेल तो. दोन मिनिटांत मरेल. पहार लाथेने लांब कर, मग तुझा स्कार्फ घे, चिरेवर ठेव आणि अंगाचा सगळा भार घाल. माझ्याकडे बघू नकोस. जा."

ती रडत होती, शिव्या देत होती, मला की त्याला कळत नव्हतं. पहार तिने लाथेने टेबलाखाली ढकलली. मग ती त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली आणि दोन्ही तळव्यांनी दाबलं. काचा तिच्या गुडघ्यात शिरल्या, ते तिला नंतर कळलं. तो माणूस तिच्याकडे बघून म्हणत होता, "आय ॲम कोल्ड, आय ॲम कोल्ड." ती त्याला म्हणत होती, "शट अप. शट अप. शट अप." अँब्युलन्स येईपर्यंत दोघं तसेच होते. माझी बोटं संपादकांच्या तोंडात, त्यांचे दात माझ्या हाडावर रुतलेले. त्यांचे डोळे उघडे होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, ती काय करतेय ते पाहिलं, आणि डोळे मिटून घेतले. त्यांना काय वाटलं ते मी पुढे कधी विचारलं नाही.

मला काय वाटलं ते सांगते. मला त्या माणसाला मारायचं होतं. त्या रात्री आणि नंतर कितीतरी दिवस मी मनातल्या मनात ती पहार उचलायची आणि त्याच्या लाल दाढीवर घालायची. आयुष्यभर मी लोकांना वेदना कळू नयेत म्हणून काम केलं. आता ताटात भात वाढतानासुद्धा मला कुणाचं तरी हाड मोडल्याचा आवाज हवासा वाटायचा. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, मलाही." आणि आम्ही दोघं निवृत्त, शाकाहारी, बीपीच्या गोळ्या खाणारी माणसं, एकमेकांकडे बघत बसलो.

संपादकांचा जबडा पट्ट्या आणि स्क्रू घालून जोडला, वरचे-खालचे दात तारेने बांधले. पाच-सहा आठवडे फक्त पातळ. मी रोज डबा न्यायचे. मऊ भात आमटीत घोटून, गाळून. ताकाची कढी त्यांना इतकी आवडली की बांधलेल्या दातांतून ते 'मोअर' म्हणायचे, ते 'म्म्म' एवढंच ऐकू यायचं. बाकी पाटीवर लिहायचे.

घरी मात्र भांडण पेटलं होतं.

"आता बस झालं," मी मुलीला म्हटलं. "पार्सिपनीला मावशी आहे, तिच्याकडे जा. तिथे आपली माणसं आहेत. नोकरी कुठेही मिळेल तुला."

"आपली माणसं म्हणजे काय, आई? बॉस आपले नाहीत?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तसंच म्हटलंस. आणि तू मला त्याचा हात का दाबायला लावलास? आय स्टिल फील इट. त्याची नाडी माझ्या तळव्यात आहे अजून. तू डॉक्टर आहेस, तुला सवय आहे. मला विचारलंस का?"

"विचारायला वेळ नव्हता."

"नंतर होता. नंतरही नाही विचारलंस."

ते खरं होतं. मी तिच्या गुडघ्यातल्या काचा निघाल्या का ते विचारलं होतं, टाके कधी काढायचे ते विचारलं होतं. बाकी काही नाही. त्या दिवशी आम्ही स्वयंपाकघरात उभ्याउभ्या बराच वेळ बोललो. ती ओरडली, मीही ओरडले. तिने एक बशी सिंकमध्ये आपटून फोडली. मग दोघीही घाबरलो, कारण फुटल्याचा आवाज आता आम्हाला सोसत नव्हता. नवरा केरसुणी घेऊन आला आणि तुकडे भरायला लागला.

अंक निघणार की नाही, हा प्रश्न होता. ऑफिसला फळ्या ठोकलेल्या, कॉम्प्युटर फुटलेले. ती आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली आणि एका पानाचा अंक तयार केला. हल्ल्याची बातमी तिने खाली, लहान ठेवली होती. वर लेखमालेचा चौथा भाग, टेकडीवरच्या गल्लीचाच. तिला वाटलं बॉसना हेच आवडेल, आपल्या दुःखाचा बाजार नको. ती प्रिंट घेऊन हॉस्पिटलात गेली, मी डबा घेऊन बरोबर.

संपादकांनी ते पान वाचलं. पाटी घेतली. मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'हल्ला वर. सगळा. माझा फोटो.'

"बॉस, तुमचा चेहरा आत्ता..." ती म्हणाली. चेहरा खरंच भयंकर होता. एक डोळा बंद, गाल जांभळा, हनुवटीखाली टाक्यांची ओळ.

त्यांनी पाटी पुसली. लिहिलं: 'हाच चेहरा.' पुन्हा पुसली. लिहिलं: 'गल्ली पुढच्या आठवड्यात. ती दोनशे वर्षं थांबलीय. मी थांबणार नाही.' आणि बांधलेल्या दातांनी हसायचा प्रयत्न केला, त्यात टाका ताणला आणि थोडं रक्त आलं.

अंक निघाला. पानाच्या वरच्या अर्ध्या भागात तो चेहरा. गावात कुणी म्हटलं बीभत्स आहे, कुणी वर्गणी बंद केली, कुणी नवीन सुरू केली. त्याच अंकात, खाली, मुलीने फोटोबद्दल चार वाक्यं लिहिली होती. दोर ओढणाऱ्या माणसांचा फोटो त्या मथळ्याखाली लावणं ही आपली चूक होती, त्यातला कुणीही जमावाचा वंशज नाही, त्यांनी मदत केली होती. मी म्हटलं, "ज्याने हे केलं त्याची माफी मागतेस?"

"ही डिड व्हॉट ही डिड," ती म्हणाली. "फोटो मी लावला."

कोर्टात मी साक्ष दिली. तो गुन्हा कबूल करणार होता, तरी न्यायाधीशांना शिक्षेआधी ऐकायचं होतं. तो डावा हात मांडीवर ठेवून बसला होता. शिरा जोडल्या होत्या पण बोटं अर्धीच वळत होती. त्या हाताने तो आता बोटीचं इंजिन दुरुस्त करू शकणार नव्हता. मी वैद्यकीय भाषेत सांगितलं: किती घाव, कुठे, श्वास किती वेळ बंद होता. मग मला विचारलं, आणखी काही सांगायचंय? मी बरंच ठरवून गेले होते. पण बोलले एवढंच, की त्या दिवशी त्या खोलीत माझी मुलगी नसती तर हा माणूस मेला असता, आणि मी ते बसून पाहिलं असतं, कारण माझे हात मोकळे नव्हते. मोकळे असते तर काय केलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही.

तो मान खाली घालून रडला. मला त्याने बरं वाटलं नाही. वाईटही नाही. त्याला काही वर्षांचा तुरुंगवास झाला. त्याच्या बायकोने जिन्यात मला गाठलं. मला वाटलं आता ही थुंकणार. ती म्हणाली, "त्याच्या करंगळीला काही कळत नाही. ती परत येईल का?" मी तिला खरं सांगितलं, की नाही. तिने मान हलवली, थँक यू म्हणाली आणि गेली.

त्यानंतर एका रविवारी मुलगी घरी आली आणि म्हणाली, "दाखव, जबडा कसा धरायचा."

"कशाला?"

"कारण मी कुठे जात नाहीये. आणि दरवेळी तू नसशील."

मी नवऱ्याला सोफ्यावर आडवा केला. तो कुरकुरला, मॅच चालू होती. मी तिला कानाखालचा जबड्याचा कोन दाखवला, बोटं कुठे ठेवायची, कसं वर आणि पुढे ढकलायचं. तिने पहिल्यांदा एवढ्या जोरात धरला की तो ओरडला. दुसऱ्यांदा बरोबर जमलं. पोटच्या पोरीला मी हे शिकवत होते.

त्या हिवाळ्यात संपादकांनी टेकडीवर जायचं ठरवलं, जिथे गल्ली होती तिथे. आता तिथे टायरचं दुकान आहे आणि त्याचं पार्किंग. थोडीशीच माणसं आली. चर्चमधल्या काही बायका, शाळेतला इतिहासाचा शिक्षक, आणि आमच्या घरची आम्ही तिघं. थंडी मी म्हणत होती. संपादक बोलायला लागले. जबडा जुळला होता पण शब्द जड पडत होते, काही अक्षरं घसरत होती. जाळलेल्या घरांतल्या ज्या माणसांची आठवण त्यांच्या कुटुंबात राहिली होती, ती त्यांनी एकेक करून सांगितली. म्हातारा, ज्याला डांबर लावलं. तळघरातली बाई. कोंबड्या पाळणारी बहीण-भावंडं.

एक ट्रक रस्त्यावरून हळू झाला. खिडकीतून कुणीतरी काहीतरी ओरडलं आणि बाटली फेकली. ती पार्किंगमध्ये फुटली, आमच्यापासून बऱ्याच अंतरावर. मी दचकून खाली बसले. मुलगी बसली नाही. तिने ट्रकच्या मागचा नंबर बघितला, स्वतःशी दोनदा पुटपुटली, आणि फोनमध्ये टिपून घेतला.

टायरच्या दुकानातून निळ्या कपड्यातला एक कामगार हात पुसत बाहेर आला. "काय चाललंय इथे?" त्याने विचारलं.

संपादक त्याच्याकडे वळले. त्यांनी मफलर खाली ओढला, हनुवटी हाताने थोडी सावरली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.